गजाभाऊंचं ठणकतं डोकं

"तुमी काय बी बोलू नका. मी सांगते," कर्जतच्या दवाखान्याच्या पायऱ्या चढता चढता गौराबाईंनी नवऱ्याला बजावलं. गजाभाऊंनी मान हलवली, आणि कपाळात अशी कळ गेली की पुन्हा म्हणून मान हलवायची नाही, असं त्यांनी ठरवून टाकलं.

कळंबहून शेजारच्या रूपेशच्या टेंपोतून येताना रस्त्यातला एकेक खड्डा त्यांच्या डोक्यात वाजला होता. घरी बाम चोळून झाला, लवंग उगाळून लावली, मीठमिरचीने दृष्टही काढली. डोकं आपलं ठणकतंच.

तातडीच्या विभागात ही गर्दी. कुणाचा पाय मोडलेला, कुणा बाईला विंचू चावलेला. इथे साध्या डोकेदुखीला कुत्रं विचारायचं नाही, हे गौराबाईंनी एका नजरेत ओळखलं.

"काका, कसं सुरू झालं दुखणं?" डॉक्टर समिधांनी विचारलं.

"काल हळूहळू..."

"हळूहळू कसलं? एकदम!" गौराबाई पुढे सरसावल्या. "डोस्क्यात धोंडा घातल्यावानी!"

डॉक्टरांच्या भुवया वर गेल्या. "असं पूर्वी कधी दुखलं होतं?"

"जल्मात नाय."

"उलटी?"

"झाली की!"

गजाभाऊंना सकाळी एक ढेकर आली होती. पण बोलायची बंदी होती.

एका गोळीच्या आशेने आलेल्या गजाभाऊंना खाट मिळाली. हातात सुई गेली, डोळ्यांत टॉर्च पडला, मान वाकवून पाहिली, दंडाला पट्टा आवळून रक्तदाब मोजला. "माझ्या बोटाला बोट लावा, आता नाकाला," असा खेळही झाला. शेवटी डॉक्टर म्हणाल्या, "तपासणीत काही सापडत नाही. पण मावशी सांगतात तसं असेल, तर मेंदूत रक्तस्राव नाही ना, ते बघावंच लागेल. स्कॅनसाठी पनवेलला न्यायचं. अँब्युलन्स बोलावते."

मेंदू म्हटल्यावर गौराबाईंचा रंगच उडाला. त्यांनी डॉक्टरांचा हात धरला.

"बाय, धोंडा म्हंजे... बारका व्हता."

"काय?"

"आन् उलटी नाय, ढेकर व्हती. लवकर बघावं म्हून बोलले मी."

डॉक्टरांनी एक दीर्घ श्वास घेतला. "मावशी, आता काका बोलतील. काका, या दोन-तीन दिवसांत काही बदललंय? औषध, खाणंपिणं?"

गजाभाऊंनी बायकोकडे चोरून पाहिलं. "चा सोडला."

"किती घ्यायचात?"

"मोजतंय कोन? उठल्यावर, आंघोळीच्या आधी, आंघोळीनंतर, कुनी आलं तर, कुनी नाय आलं तर."

"मग सोडलात कशाला?"

गजाभाऊ छताकडे बघू लागले. मग एकदाचं सांगून टाकलं, "हिला म्हनलो, तुझा चा म्हंजे कपबशी इसळल्याचं पानी. ती म्हनली, मग पिऊ नका. मी म्हनलो, नाय पीत जा!"

विंचवाची बाई पायाची आग विसरून हसली.

"चहाची सवय एकदम तुटली की डोकं असंच धरतं," डॉक्टर हसू दाबत म्हणाल्या. "ही गोळी घ्या, कपभर चहा घ्या आणि इथेच पडून राहा. उतरलं तर पनवेल रद्द."

रूपेशने समोरच्या टपरीवरून चहा आणला. पहिला कप संपला, दुसरा आला, आणि हळूहळू गजाभाऊंच्या कपाळावरच्या आठ्या सुटल्या. ते उठून बसले. डॉक्टर पुन्हा तपासायला आल्या, तेव्हा त्यांचं लक्ष गौराबाईंकडे गेलं. पदराने डोळे झाकून त्या कपाळ दाबत होत्या.

"मावशी, तुम्हाला काय होतंय?"

"काय नाय. जरा ठणकतंय."

"कधीपासून?"

"यांचं दुखतंय तवापासून."

"तुम्हीही चहा सोडलात?"

गौराबाई एकदम फणकारल्या, "मंग काय करू? हे समोर तोंड फिरवून बसलेले, मी एकटीनंच पिऊ व्हय?"

गजाभाऊंनी हातातला उरलेला चहा बशीत ओतला, बायकोपुढे धरला आणि खाटेवर थोडे सरकून जागा केली.

गौराबाई बसल्या. एका दमात बशी रिकामी केली आणि दाराशी उभ्या रूपेशला म्हणाल्या, "अजून दोन आन रं. आन् त्याला म्हनाव, जरा आलं टाक."