कोरांटीमागे कोण आहे?

सत्यनारायणाला आलेल्या गुरुजींना फाटकातच पिशवी उघडायला लावणारा माणूस मी एकच पाहिला. आमचे शेजारी, आहेरतात्या. पिशवीत सोवळं, पोथी आणि शंख निघाला. तात्यांनी शंखातही बोट घालून पाहिलं आणि म्हणाले, "जाऊ द्या."

संशय कोरांटीची फुलं चोरल्याचा होता. अंबडच्या एका कारखान्याच्या गेटवर, पाळी सुटली की कामगारांचे डबे तपासण्यात तात्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांनी आम्हाला धरलं. त्यांच्या खिडकीसमोर, सोसायटीच्या भिंतीलगत पिवळ्या कोरांटीची कमरेएवढी काटेरी रांग होती. दिवाळी सरून थंडी पडली की ती फुलांनी भरून जायची. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. पहाटे दुसऱ्याची फुलं तोडणं हा आमच्याकडे फिरायला जाण्याचाच एक भाग होता. तात्या मफलर गुंडाळून आडवे यायचे. "पिशवी उघडा. कानटोपी काढा."

माझ्या बायकोने, सुनंदाने, एकदा विचारलं, "तात्या, देवासाठी चार फुलं नेली तर काय बिघडलं?"

"सापडलेला प्रत्येक जण देवाचंच नाव सांगतो, वहिनी."

मग सेक्रेटरींनी ठरवलं की येत्या रविवारी कोरांटी उपटायची आणि तिथे स्कूटरी लावायच्या. मीटिंगमध्ये तात्या एकटेच उठले. "झाड राहू द्या," एवढंच म्हणाले. का, ते काही सांगेनात. मग कारण शोधायचं काम आम्ही हौसेने अंगावर घेतलं. तळमजल्यावरच्या बाईंनी बातमी आणली की रोज सकाळी झुडपामागून तात्यांचा आवाज येतो, आणि तोही अगदी लाडातला. तात्या विधुर. पुढचं ज्याने त्याने आपल्या मनाने जोडून घेतलं.

शनिवारी सकाळी दुधाचं निमित्त करून मी झुडपाच्या टोकाशी जाऊन उभा राहिलो. लाज वाटायला हवी होती, पण उत्सुकता जास्त होती.

"काय वं माय, आज उशीर व्हई गया?" तात्या कुणाला तरी म्हणत होते. "बठ ना. थंडी शे."

अहिराणी! माझं आजोळ सटाण्याचं, त्यामुळे शब्द न् शब्द कळला. कॉलेजात माझ्या तोंडून 'आहे'ऐवजी 'शे' निघालं की पोरं हसायची, म्हणून ती भाषा मी कधीच सोडून दिली होती. मी मान उंचावली. तात्यांसमोर अंगठ्याएवढी फुलचुखी फुलात वाकडी चोच घालून रस पीत होती. खालच्या फुलांवर एक काळा भुंगा आणि दोन-तीन फुलपाखरं. बाईमाणूस म्हणावं तर ती फुलचुखी तेवढी.

माझ्या पायाखाली काटकी मोडली. तात्या गर्रकन वळले. "पिशवी उघडा!"

दूध बघून तेच ओशाळले. "देवाला कुठलंही फूल चालतं हो. हिला थंडीत हेच लागतं." मग हळूच म्हणाले, "घरात मी आणि मालती अहिराणीच बोलायचो. ती गेली. मुलगा पुण्याला, त्याला येत नाही. ही निदान ऐकून घेते."

"मग मीटिंगमध्ये का नाही सांगितलंत?"

"हसतील ना सगळे."

मला स्वतःची फार लाज वाटली. पण मलाही अहिराणी येते, हे मी तेव्हाही बोललो नाही.

रविवारी माणूस कुदळ घेऊन आला, तेव्हा मी तात्यांच्या शेजारी जाऊन उभा राहिलो. माझी स्कूटर रस्त्यावर राहील म्हणालो. आणखी दोघांनी मान डोलावली आणि सेक्रेटरी कुरकुरत परतले. कोरांटी वाचली.

सोमवारी सकाळी मी झुडपामागे गेलो आणि जीभ अडखळत म्हणालो, "काय चालनं, तात्या?"

त्यांनी माझ्याकडे खूप वेळ संशयाने पाहिलं. "कोणी शिकवलं?"

"मन्हं आजोळ सटाणानं शे."

तात्यांनी मफलरने भिंतीचा कठडा पुसला, म्हणाले, "बठ," आणि बोलायला लागले. माझी ऑफिसची वेळ टळून गेली तरी बोलत होते. तेवढ्यात फुलचुखी दोनदा येऊन गेली. तात्यांनी एकदाही तिच्याकडे पाहिलं नाही.