हिरवी पट्टी

मी सातवी नापास, कुलपं दुरुस्त करतो. तरी माझ्या दुकानाचं इंटरनेटवर पान आहे. लेकीनं नोकरीसाठी लांब जाण्याआधी ते बनवून दिलं आणि बजावलं, "बाबा, काही बदललंत की पानाचा पत्ता या तपासायच्या साइटवर टाका. हिरवी पट्टी आली की ठीक. लाल आली तर मला फोन करा."

आठ महिने पान हिरवंगार. फोनला कारणच मिळेना. (नुसती आठवण आली म्हणून फोन करणं आमच्या खानदानात बसत नाही. वडिलांनी मला एकदाच फोन केला, तोही राँग नंबर.)

एका रविवारी मी पानाच्या आत, लेक ज्याला कोड म्हणते त्यात शिरलो आणि एक तिरकी रेघ उडवली. खालची सगळी अक्षरं जाडजूड झाली. पट्टी लाल : उघडलंय, पण बंद केलेलं नाही. (कुलूपवाल्याला शिकवतंय.)

लेक पाऊण तास बोलली. दोन मिनिटं रेघेवर, बाकी तिच्या गळक्या नळावर, घरमालकिणीच्या मांजरावर. चटकच लागली. दर रविवारी एक रेघ. एकदा हात सैल सुटला आणि एक्केचाळीस चुका निघाल्या. तो माझा सर्वांत सुंदर रविवार.

"चांगलं चाललेलं मोडता कशाला हो?" बायको म्हणाली.

"आपोआप होतं ते."

"रविवारीच होतं?"

मग एकदा लेकीचा आवाज फार दमलेला वाटला. "दिवसभर ऑफिसात हेच करते, बाबा." मला लाज वाटली. (तारीख लिहून ठेवलीय.) पुढच्या रविवारी कशाला हात लावला नाही. हिरव्या पट्टीकडे बघत बसलो, किल्ली हरवलेल्या गिऱ्हाइकासारखा.

दुपारी फोन वाजला.

"बाबा, आज काहीच मोडलं नाहीत? तब्येत बरी आहे ना?"

"म्हणजे... तुला माहीत होतं?"

"प्रत्येक बदलाखाली तुमचं नाव येतं. पहिल्या दिवसापासून. मी रविवारी कुठे जातच नाही."

मी चष्मा काढून पुसला.

"मोडा की काहीतरी," ती म्हणाली. "मी आहे फोनवर."

डोळ्यांसमोर सगळं धूसर. रेघ दिसेना. घाईत भलतंच उडवलं आणि तपासलं. पट्टी हिरवीच.

"काय उडवलंत?"

बघितलं, तर माझंच नाव. 'मालक' या शब्दापुढे नुसती रिकामी जागा. आणि खाली शेरा : एकही चूक नाही.

बायको मागून वाकून बघत म्हणाली, "मोडायलासुद्धा येत नाही धड."