कंबरेपर्यंतचा मासा

मी फक्त एक चड्डी बॅगेत टाकली होती. पुढचं सगळं त्या चड्डीने केलं, असं माझं अजूनही म्हणणं आहे. (बायकोचं म्हणणं वेगळं आहे.)

नव्याण्णव सालचा मे महिना. लग्नानंतरचा पहिला अधिक मास, म्हणजे धोंड्याचा महिना आला होता. या महिन्यात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला लेकीसकट घरी बोलवायचं, पाय धुवायचे, पुरणाचे धोंडे आणि अनारसे खाऊ घालायचे, वर काहीतरी वाण द्यायचं. नाशिकच्या अंबडमधल्या एका कारखान्यात स्टोअरमध्ये नट-बोल्ट देणाऱ्याघेणाऱ्या माणसाला इतका मान आयुष्यात दुसरीकडे कुठे मिळणार? अधिक मास दर वर्षी का येत नाही, म्हणून मी पंचांगावर रुसलो होतो.

सासऱ्यांचं नाव सावळीराम. मी त्यांना मामा म्हणायचो. तळ्याच्या काठाला त्यांचा मळा, निम्म्यात झेंडू, निम्म्यात वांगी आणि कोबी. माणूस दिलदार. लग्न जमवताना त्यांनी माझा पगार विचारला नाही, घर भाड्याचं का तेही विचारलं नाही. एवढंच विचारलं, "पोहता येतं का पोराला?"

त्याला कारण होतं. मामांचा धाकटा भाऊ तरुणपणी त्याच तळ्यात बुडाला होता. तेव्हापासून त्या घरात पोरगा असो की पोरगी, जरा कळायला लागलं की मामा त्याला पाण्यात घालत. माझी बायको उज्वला शाळेत असतानाच तळं आरपार करायची.

प्रश्न ऐकून मी तोंड उघडणार, तेवढ्यात शेजारी बसलेल्या माझ्या थोरल्या काकांनी मांडीवर जोरात थाप मारली. (माझ्या मांडीवर.) "अहो, पंचवटीतलं पोरगं, गंगेकाठी वाढलेलं! मासा आहे मासा!"

गंगेकाठी, म्हणजे गोदावरीकाठी वाढलो हे खरं. पण रामकुंडाच्या पायरीवर बसून तांब्याने अंघोळ करणाराही गंगेकाठीच वाढतो. हे मी तेव्हा बोललो नाही, आणि माझं लग्न मासा म्हणून झालं.

आता धोंड्याला जायचं म्हणजे तळ्यावर चला म्हणणारं कुणीतरी भेटणारच. निदान तयारी तरी दिसावी, म्हणून मेनरोडवरून निळ्या रंगाची, बाजूला पांढरी पट्टी असलेली पोहायची चड्डी आणली आणि बॅगेत टाकली. टॉवेल विसरलो.

सकाळी सासरी पोचलो. मामा झेंडू घेऊन बाजारात गेले होते, जेवायच्या वेळेला येणार होते. सासूबाई धोंडाबाई (त्यांचा जन्मच धोंड्याच्या महिन्यातला) पुरणात गुंतलेल्या. मेहुणा रविराज बॅगेतून डोकावणारी पट्टी बघून म्हणाला, "वा दाजी! तयारीनं आलात की. चला, जेवण व्हईपर्यंत एक बुडी मारून येऊ."

उज्वलाने पदराला हात पुसत माझ्याकडे पाहिलं. "जाताय?"

"म्हणजे काय!" मी म्हणालो.

"जपून," ती म्हणाली. तिला नक्की काय म्हणायचं होतं, ते मला दुपारी कळलं.

तळ्याच्या मध्यावर एक वाळकी बाभूळ उभी होती. गावातली पोरं तिथवर पोहत जात, फांदीला हात लावत आणि परत येत. रविराजने सूर मारला. "या दाजी!"

"तुम्ही व्हा पुढे. मी आधी अंग भिजवतो."

रविराज बाभळीला हात लावून पलीकडच्या काठाला मित्राच्या आंबराईत शिरला. मी अंग भिजवत राहिलो. कंबरेएवढ्या पाण्यात, पाय चिखलात रोवून. तिथलं पाणी उन्हाने कोमट झालेलं. तळाला बारके बारके शंख, एका अंगाला बदकं, दुसऱ्या अंगाला गावातल्या कुसाबाईंच्या म्हशी. त्यांच्यात आणि माझ्यात फरक एवढाच, की त्यांना पोहता येत होतं.

काठावर गोधडी शिवत बसलेल्या कुसाबाईंनी विचारलं, "पाव्हणं, मधी नाय जानार?"

"आत्ताच आलो जाऊन," मी म्हणालो.

त्यांनी म्हशींकडे पाहिलं, बाभळीकडे पाहिलं, मग माझ्या कोरड्या छातीकडे पाहिलं. "आसं व्हय," एवढंच म्हणून त्या पुन्हा शिवायला लागल्या.

रविराज आंबे चोखून पोहत परत आला. पाण्यातून निघाल्या निघाल्या त्याने पंच्याने अंग खसाखसा पुसलं आणि तो माझ्यापुढे धरला. माझ्यातला मासा जागा झाला. "छे, पोहणाऱ्याने अंग उन्हात वाळवायचं असतं. स्विमिंग टँकवाले असंच करतात," असं म्हणून मी दगडावर पाय पसरून बसलो. (स्विमिंग टँक मी बसमधून पाहिला होता.)

घरी पोचलो तर मामा आलेले. "कसं काय पाणी?" त्यांनी विचारलं.

"झकास! बाभळीपर्यंत जाऊन आलो."

मामांचा चेहरा असा काही खुलला, की मला माझीच लाज वाटली. ते खाली बसले, टोपी काढून मांडीवर ठेवली आणि म्हणाले, "बरं झालं. येक काळजी मिटली माझी." आता खरं सांगायला हवं होतं. पण तेवढ्यात सासूबाईंनी पाट मांडला, आणि पाटावर बसलेल्या नारायणाला कबुली कशी देता येणार?

आणि नारायणाच्या पायाला खाज सुटली.

आधी घोट्याला, मग पोटरीला. मग मांडी म्हणाली, मलाही. समोर पितळी ताट, सासूबाई पाण्याचा तांब्या घेऊन बसलेल्या, शेजारी लक्ष्मी म्हणून उज्वला, भोवती भाऊबंदांच्या बायका. खाजवणारा नारायण मी तरी कुठल्या तसबिरीत पाहिलेला नाही. मी दात आवळले. एका पायाने दुसरा पाय घासू लागलो, तर सासूबाईंना वाटलं, संकोच करताहेत. त्या म्हणाल्या, "आसू द्या हो, लाजू नका," आणि पाय घट्ट धरून आणखी प्रेमाने धुवायला लागल्या. कुंकू लावायला वाकल्या आणि थबकल्या. "आगं बया! ह्ये काय?"

दोन्ही पायांवर लाल पुळ्या उठल्या होत्या.

"गोवर हाय," एक चुलतसासू म्हणाल्या.

"नागीण वाटती. लय वाईट."

"काय नाय, नजर लागली. चड्डी किती भारी व्हती!"

मामा चप्पल न घालताच गेले आणि देवराम डॉक्टरांना गाडीवर मागे बसवून घेऊन आले. डॉक्टरांनी पाय पाहिले आणि हसले. "तळ्यात गेले होते का? मग ही पाण्यातली खाज. त्या शंखांमधून डोळ्यांना न दिसणाऱ्या बारक्या अळ्या निघतात. त्यांना जायचं असतं बदकांच्या, जनावरांच्या अंगात. चुकून माणसात शिरतात आणि कातडीतच मरतात. भिण्याचं कारण नाही, एकाची दुसऱ्याला होत नाही. गार पाण्याच्या पट्ट्या ठेवा, हे गुलाबी औषध लावा, आणि खाजवू नका. आठवड्याभरात जाईल."

"पर मला कशी नाय झाली?" रविराजने विचारलं. (मेहुण्यांना नको तिथे अक्कल येते.)

"तू लगेच अंग पुसलं असशील. आणि कडेच्या कोमट पाण्यात जो फार वेळ राहतो, त्याला जास्त होते. जेवढं अंग पाण्यात, तेवढ्यावर उठतं. बघू, शर्ट काढा."

माझे हात बटणांवर थिजले. जेवढं अंग पाण्यात, तेवढ्यावर! मामा समोर उभे होते. मघाशी मिटलेली काळजी एका शर्टाखाली पुन्हा उघडणार होती.

"राहू द्या डॉक्टर," उज्वला म्हणाली. "मी आत नेऊन लावते सगळीकडे." बाटली घेतली, माझा हात धरला आणि आतल्या खोलीत नेऊन कडी लावली.

शर्ट निघाला. कंबरेखाली पुळ्याच पुळ्या, कंबरेच्या वर एकही नाही. मध्ये पट्टीने आखावी तशी सरळ रेघ. उज्वलाने रेघेकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि तोंडात पदर कोंबून ती हसत सुटली.

"अहो, बाभळीपर्यंत उभ्यानेच गेलात का?"

"उज्वला, मला पोहता येत नाही."

"ठाऊक आहे."

"कधीपासून?"

"तुमचे काका मासा म्हणाले तेव्हा मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होते. तुमचा चेहरा बघितला मी."

"मग बोलली का नाहीस?"

ती बोटावर औषध घेऊन माझ्या गुडघ्याला लावत राहिली. "बोलले असते तर बाबांनी स्थळ सोडलं असतं. आणि मला तुम्ही आवडला होतात. मला येतं की पोहायला. एका घरात एकाला आलं म्हणजे झालं."

खाज होतच होती, पण मला रडायला आलं. ते लपवायला मी विचारलं, "आता मामांना काय सांगायचं?"

"काही नाही. सण तेवढा पार पडू दे," ती म्हणाली, आणि तिने ते औषध कंबरेच्या वर लावायला घेतलं. पोट, छाती, पाठ, दंड, मान. कानाच्या मागेसुद्धा. बाहेर आलो तेव्हा मी रंगकाम अर्धवट राहिलेल्या गणपतीसारखा गुलाबी झालो होतो. सासूबाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. "लेकराच्या कानापोतूर गेलं की गं!" त्यांनी माझ्या पानात आणखी दोन धोंडे वाढले.

सगळं निभावलं असतं. पण संध्याकाळी कुसाबाई दुधाची चरवी घेऊन आल्या आणि ओसरीवर मला पाहून थांबल्या.

"आगं बाई, ह्ये मानंपोतूर कसं चढलं? पाव्हणं तर कंबरंएवढ्या पान्यात हुबं व्हते. वरचं आंग कोरडं ठाक!"

उज्वलाने खाली पाहिलं. मी उठून मामांच्या समोर गेलो. "मामा, चुकलं माझं. मला पोहता येत नाही. कधीच येत नव्हतं."

मामा तळ्याकडे बघत म्हणाले, "कानामागं औषध बघितलं तवाच कळलं. कानामागं कुनी एवढं चोपडून लावतं व्हय? पोरीनं झाकलं, म्हनून मी बी झाकलं." ते उठले, माझ्या गुलाबी खांद्यावर हात ठेवला. "पर जावईबापू, माझ्या भीतीपायी पान्यात उतरू नगा. त्या तळ्याला येक भाऊ दिला मी. जावई नाय द्यायचा."

दुसऱ्या दिवशी निघताना वाणात अनारसे होते, चांदीची वाटी होती, आणि हवा भरलेली ट्रॅक्टरची काळीकुट्ट ट्यूब होती. एसटीत ती माझ्या मांडीवर होती. नाशिक येईपर्यंत प्रत्येक चढणारा माणूस मला विचारत होता, "पंक्चर का?"

त्या ट्यूबमध्ये बसवून उज्वलाने मला पोहायला शिकवलं. माहेरी गेलो की पाण्यात उतरायचं, कडेला रेंगाळायचं नाही, बाहेर आलो की आधी अंग पुसायचं. पुढचा धोंड्याचा महिना पावसाळा संपताना आला. तळं तुडुंब. मामा, सासूबाई, रविराज, सगळे काठावर उभे, आणि मी ट्यूबशिवाय पोहत बाभळीपर्यंत गेलो! फांदीला मिठी मारली. काठावर टाळ्या वाजल्या. मामांनी टोपीने डोळे पुसलेले मला तिथून दिसले.

मग मी मागे वळून पाहिलं. काठ फार लांब होता. मी फांदी सोडेना. टाळ्या थांबल्या, हाका सुरू झाल्या, शेवटी उज्वला ट्यूब ढकलत आली आणि मला तिच्यात बसवून घेऊन गेली.

काठावर कुसाबाई म्हशी घेऊन उभ्या होत्या. त्यांनी मला डोक्यापासून पायापर्यंत नीट न्याहाळलं.

"चला," त्या म्हणाल्या, "आज मानंपोतूर तरी भिजलं."