व्याहीभेट आणि पिवळी बंडी

एका जंगलात, बालमित्रांनो, झाडून सारे प्राणी कपडे घालत असत. ते का घालत, याविषयी विद्वानांत मतभेद आहेत. ऊनवारा लागू नये म्हणून, असे काहींचे मत. शेजाऱ्यांनी पाहावे म्हणून, असे शेजाऱ्यांचे मत.

त्या जंगलात भिवाजी नावाचे साळिंदर राहत असे. त्याची एक पिवळी बंडी होती. धुऊन धुऊन तिचा रंग विटला होता. प्रत्येक काट्याने तिच्यात आपापले भोक पाडून घेतले होते, त्यामुळे ती भिवाजीखेरीज कोणाच्याही अंगाला बसली नसती. ती घातली की त्याचे काटे आपोआप मिटत आणि तो गुणगुणू लागे. साळिंदराचे मन प्रसन्न आहे की नाही, हे असे पाठीवरूनच कळते.

भिवाजीच्या मुलीचे, शेवंतीचे, लग्न ठरले. साळिंदरांच्या लग्नात व्याहीभेट हा मुख्य विधी. दोन्ही बापांनी सर्वांसमक्ष एकमेकांना कडकडून मिठी मारायची. मिठी झाली तरच अक्षता पडतात. नाहीतर वऱ्हाड न जेवता परत जाते. इतके प्राणी असताना हा विधी नेमका साळिंदरांनीच का स्वीकारला, याचा उलगडा अद्याप झालेला नाही.

लग्नाच्या दिवशी सकाळी भिवाजीने सारे बीळ पालथे घातले.

"अगं, माझी बंडी कुठाय?"

"बोहारणीला दिली," त्याची बायको तानूबाई म्हणाली. "हे बघा, केवढं पातेलं आलं! बासुंदी यातच केलीय."

"माझी बंडी देऊन पातेलं घेतलंस?"

"मग काय, लेकीच्या लग्नात चाळण घालून मिरवणार होतात? ही शेरवानी घाला. रेशमी आहे."

भिवाजीने शेरवानी घातली. गळा आवळला गेला. काखेत काचू लागले. आयुष्यभर काटे वागवलेल्या त्या प्राण्याला रेशीम टोचू लागले आणि त्याच्या पाठीवरचा काटा न् काटा ताठ उभा राहिला.

वऱ्हाड आले. मुलाचे वडील खंडेराव कडक इस्त्रीचा जरीचा कोट घालून पुढे झाले. त्यांचेही काटे ताठच होते.

"या, व्याहीबुवा," भिवाजी जागचा न हलता म्हणाला.

"तुम्ही मुलीकडचे. आधी तुम्ही या," खंडेरावही तसूभर हलले नाहीत.

मांडवात कुजबुज सुरू झाली. मुंडावळ्यांआडून शेवंतीने डबडबल्या डोळ्यांनी बापाकडे पाहिले. लेकीचे लग्न आपल्या पाठीमुळे मोडणार, या विचाराने भिवाजीचे काटे आणखीच ताठ झाले.

तेव्हा घुबडशास्त्री उठले. अंगावरची जुनी तपकिरी शाल सावरत ते म्हणाले, "यजमान, वस्त्र हे केवळ बाह्य आवरण होय. प्रसन्नता अंतरंगातून यावी."

"लाख बोललात, शास्त्रीबुवा!" मागून आवाज आला. बोहारीण कोल्हीण डोक्यावर बोचके घेऊन मांडवात शिरली होती. "मग ते आवरण टाका की इकडं. झाकणासकट डबा देते."

शास्त्रीबुवांनी दोन्ही पंखांनी शाल घट्ट धरली. "मला जरा सर्दी आहे," असे म्हणून ते खाली बसले.

मांडव हसला. हसला नाही तो भिवाजी. बोचक्यातून डोकावणारी पिवळी कड त्याला दिसली होती.

"माझी बंडी!"

"आणि तो माझा मफलर!" खंडेराव ओरडले. त्यांच्या पत्नीने पटकन मान खाली घातली.

"शेरवानी अन् कोट द्या, आणि खुशाल घेऊन जा," बोहारीण म्हणाली.

दोघांनी ते कपडे तिथल्या तिथे उतरवून दिले. भिवाजीने बंडी चढवली. एकेक काटा आपापल्या भोकात शिरला आणि निवांत आडवा झाला. पलीकडे खंडेराव मफलर गुंडाळून शीळ घालू लागले. मग दोन्ही व्याह्यांनी अशी मिठी मारली की, अक्षता पडल्या तरी ती सुटेना.

पंगतीच्या वेळी विहीणबाईंनी आहेरात आणलेले कोरे झाकण तानूबाईच्या पातेल्यावर अगदी चपखल बसले. ते कोठून आणले, हे तानूबाईने विचारले नाही.

तात्पर्य : खरी प्रसन्नता अंतरंगात असते, वस्त्रांत नव्हे. मात्र हे सत्य इतरांना सांगताना आपली शाल आपल्याच अंगावर असावी.