टिकाऊ पेशंट

स्नेहलताला सकाळपासून एकाच गोष्टीची भीती वाटत होती. आपण नोकरीला लागू आणि पहिल्याच आठवड्यात पेशंट जाईल. जाईल म्हणजे बरा होऊन घरी नव्हे. तो घरीच असणार होता.

छाणीच्या एका क्लासमध्ये तिनं सहा महिन्यांचा नर्सिंग असिस्टंटचा कोर्स केला होता. फी बेचाळीस हजार. ती कुसुमावती आत्यानं आपली मुदत ठेव मोडून भरली होती, आणि ठेव मोडल्याचं आत्याच्या तोंडावर अजून दिसत होतं. आता कामाच्या दोन जागा समोर होत्या. समा भागातल्या एका दवाखान्यात सात हजार पगार, वर मूळ सर्टिफिकेट दोन वर्षं त्यांच्या कपाटात. दुसरी जागा अकोट्याला, श्रीपतराव नावाच्या, रेल्वेतून निवृत्त झालेल्या सत्त्याऐंशी वर्षांच्या गृहस्थांकडे. तिथं चौदा हजार.

"दवाखानाच बरा गं आत्या," स्नेहलता म्हणाली. "काही झालं तर डॉक्टर असतो. अकोट्याला मी एकटी."

"समाला पैसे फिटायला सहा महिने. तेही तू जेवली नाहीस तर. अकोट्याला तीन महिन्यांत मोकळी."

"आणि तीन महिन्यांच्या आत ते गेले तर?"

 हा मुद्दा आत्यानं धरलाच नव्हता.

"मग पेशंट नीट बघून घ्यायचा," ती शेवटी म्हणाली.

आत्यानं आजवर अकरा लग्नं जमवली होती. नीट बघून घेण्याची तिला एकच रीत ठाऊक होती. त्यामुळे रविवारी चांगली वेळ बघून दोघी अकोट्याला पोचल्या तेव्हा स्नेहलताच्या अंगावर इस्त्रीचा पंजाबी ड्रेस होता आणि आत्याच्या हातात ओलसर, गोडसर लिल्या चिवड्याचा पुडा.

श्रीपतरावांच्या सुनेनं, निरुपमानं, दार उघडलं. श्रीपतराव धुतलेला झब्बा घालून आरामखुर्चीत बसले होते. आत्यानं त्यांना आपादमस्तक न्याहाळलं आणि थेट घराण्याला हात घातला.

"यांचे वडील कितव्या वर्षी गेले?"

"एक्क्याण्णवाव्या," निरुपमा गोंधळून म्हणाली.

"आई?"

"चौऱ्याण्णव."

"छान. भावंडं?"

"धाकटे काका एकोणसाठाव्या वर्षी..."

आत्यानं चहाचा कप खाली ठेवला.

"स्कूटरवरून पडले हो!" निरुपमा घाईघाईनं म्हणाली.

"मग ते धरायचं नाही," आत्या म्हणाली आणि कप पुन्हा उचलला.

"आमचं सगळं विचारून झालं," श्रीपतराव म्हणाले. "मुलीला काय काय येतं?"

"सगळं येतं! अंग पुसते, कूस बदलते, नाडी बघते. स्नेहे, दाखव गं."

 क्लासमध्ये वीस मुलींत मिळून एकच प्लॅस्टिकचा पुतळा होता. त्याला मुली बाबुलाल म्हणत. बाबुलालला नाडी नव्हती. म्हणून शिकवणाऱ्या हंसाबेन मनगट नुसतं धरायला लावत आणि म्हणत, "लखी नाख, बोतेर." वीस मुलींनी सहा महिने रोज बहात्तर लिहिलं होतं. एकदा तर बाबुलालचा डावा हात खांद्यातून निसटून स्नेहलताच्या हातात आला होता. तेव्हापासून तिला मनगटाचीच धास्ती होती. जिवंत माणसाचं मनगट तिनं अजून धरलंच नव्हतं.

ती श्रीपतरावांसमोर जाऊन उभी राहिली. 

"बहात्तर," ती म्हणाली.

"अजून हात धरला नाहीस, मुली."

 श्रीपतरावांनी डोळे मिटले. मान छातीवर आली. तोंड किंचित उघडलं. अर्धं मिनिट गेलं. मग एक मिनिट. झब्बा काही हलेना.

"स्नेहे," आत्या कुजबुजली, "हे बघ गं जरा."

स्नेहलतानं मनगटाकडे हात नेला आणि मागे घेतला.

"गेले!" आत्या किंचाळली. "अगं बाई, बेचाळीस हजार गेले!"

"मी विचार करतोय," श्रीपतराव डोळे न उघडता म्हणाले.

पण काय म्हणाले ते कळायला आत्या भानावर नव्हती. मेलेला माणूस बोलला एवढंच तिला समजलं, आणि ती सोफ्यावरून सावकाश घसरत गालिच्यावर आडवी झाली.

निरुपमा पाणी आणायला धावली. भीतीनं स्नेहलताचं डोकं बंद पडलं, तसे हात चालू झाले. तिनं आत्याला सरळ केलं, गळ्याशी आलेला पदर सैल केला, पाय उचलून सोफ्यावर ठेवले आणि मनगट धरलं. ते गरम होतं, घामेजलेलं होतं, आणि मुख्य म्हणजे खांद्याला जोडलेलं राहिलं. भिंतीवरच्या घड्याळावर नजर ठेवून तिनं पुरं मिनिट मोजलं.

"एकशे अठरा," ती म्हणाली. सहा महिन्यांत पहिल्यांदाच तिच्या तोंडून दुसरा आकडा निघाला होता.

आत्यानं एक डोळा उघडला. "पगाराचं ठरलं का?"

"मुलगी पसंत आहे," श्रीपतराव म्हणाले. "फक्त एक शंका. तीन महिने टिकायचं माझं मी बघतो. पण तुम्ही टिकाल ना, बाई? पैसे घ्यायला कुणीतरी उरायला हवं."

अकरा लग्नं जमवलेल्या आत्यानं उघडलेला डोळा परत मिटला.

श्रीपतरावांनी हात पुढे केला. "आता माझी मोज. खरी."

स्नेहलतानं मनगट धरलं. घड्याळाचा काटा एक फेरा फिरला.  तिनं पुन्हा पहिल्यापासून मोजलं. मग तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा बहात्तरच.

निरुपमा बघत होती. श्रीपतराव बघत होते. गालिच्यावरून आत्याही एका डोळ्यानं बघत होती.

"चौऱ्याहत्तर," स्नेहलता म्हणाली.

"हां," श्रीपतराव समाधानानं मागे टेकले. "आता कशी मोजलीस!"