उभ्या गाडीचे जगूकाका

जगूकाका कुठल्याही गाडीत बसण्याआधी तिच्या इंजिनाला कान देतात. त्यातून रिक्षासुद्धा सुटत नाही. माणिकपूरच्या स्टँडवर मी स्वतः पाहिलंय. शेअर रिक्षा सुरू झालेली, आत दोन सवाऱ्या घड्याळाकडे बघतायत, आणि जगूकाका मागच्या बाजूला वाकून रिक्षावाल्याला सांगतायत, "स्लोमध्ये मिसिंग आहे रे तुझ्या गाडीत. खातेपिते नीट, पण तिला झोप नाही."

रिक्षावाला म्हणाला, "काका, तुम्हाला बसायचंय का?"

आचोळ्याचा फ्लॅट विकून आम्ही वसई पश्चिमेला राहायला आलो, तेव्हा नव्या सोसायटीच्या मागेच काकांची केळीची वाडी निघाली. मध्ये कमरेएवढी भिंत. पहिल्याच रविवारी सकाळी भिंतीपलीकडून हाक आली, "अहो नवीन! जरा येऊन ॲक्सिलेटरवर पाय ठेवता का?" तो पाय मी गेली आठ वर्षं ठेवून आहे.

काका पोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालेले. यंत्राशी नोकरीतला संबंध म्हणजे शिक्का आणि वजनकाटा. पण घरात एक जुनी, साईच्या रंगाची गाडी. त्यांच्या मुलाने, निनादने, इंजिनियरिंग संपता संपता तिचा मूळचा छोटा कार्बोरेटर काढून एका मोठ्या गाडीचा भलाथोरला कार्बोरेटर बसवला. इंजिनाची आणि त्याची भोकं जुळेनात, म्हणून मध्ये ॲल्युमिनियमची जाड प्लेट स्वतः कापून घातली. वाडीतल्या पंपाच्या खोलीत बसून, हाताने. मग लगेच निनाद कॅनडाला नोकरीला गेला आणि गाडी काकांकडे राहिली.

गाडी पळायची झकास. फक्त उभी राहायची नाही. ॲक्सिलेटरवरून पाय काढला की दहा मिनिटांत इंजिनाचा आवाज आपोआप चढायचा, उतरायचा, पुन्हा चढायचा, आणि एक उसासा टाकून बंद. "पळतं सगळंच हो," काका मला बजावायचे, "उभं राहता आलं पाहिजे!"

"आणि हे स्वतः दोन मिनिटं एका जागी उभे राहत नाहीत," नलूकाकू आतून म्हणायच्या.

गेल्या हिवाळ्यात शेजारच्या इनासभाऊंच्या शर्लीनचं लग्न ठरलं. लहानपणी ती आणि निनाद याच गाडीत बसून तोंडाने हॉर्न वाजवत सगळं जग फिरून यायचे. ती काकांकडे आली आणि म्हणाली, "काका, मी चर्चला याच गाडीतून जाणार."

काका तत्काळ "हो" म्हणाले. काकूंनी कपाळाला हात लावला. कारण घरापासून चर्चपर्यंत नवरीची गाडी बॅंडच्या मागून, माणसाच्या चालीने जाते. मध्ये दहादा थांबते. म्हणजे या गाडीला जे येत नाही, नेमकं तेच.

मग आम्ही गल्लीत तालीम केली. बॅंडच्या जागी इनासभाऊ टाळ्या वाजवत पुढे चालले, मागून काका गाडीत, आणि शर्लीनच्या जागी मी. गाडी चार वेळा बंद पडली. चौथ्यांदा इनासभाऊ खिडकीशी आले. "जगू, आमी दुसरी गाडी सांगतो. तू वाईट नको वाटून घेऊ."

काकांचा चेहरा पडला. पण म्हणाले, "इनास, मला पंधरा दिवस दे."

त्या पंधरा दिवसांत काकांनी प्लग बदलले, टायमिंग पाहिलं, कार्बोरेटर उघडून धुतला, त्यातला केसाएवढ्या भोकाचा जेट काकूंच्या नथीच्या तारेने साफ केला. ती तार काकूंना अजून माहीत नाही. फरक शून्य. माणिकपूरचे युसूफभाई मेकॅनिक येऊन म्हणाले, "काका, ये कहीं से हवा खींच रहा है." म्हणजे कुठल्यातरी जोडातून नको ती हवा आत शिरत होती.

मग काकांनी बागेची रबरी नळी घेतली, एक टोक कानात, दुसरं इंजिनावर फिरवत राहिले. मी ॲक्सिलेटरवर. अर्ध्या तासाने त्यांनी हात वर केला. "शू! इथे कोणीतरी शीळ घालतंय." त्या जागी त्यांनी ब्रशने ऑइलचे चार थेंब लावले, आणि चढउतार करणारं इंजिन क्षणभर एका सुरात आलं. ऑइल आत ओढलं गेलं, पुन्हा रडगाणं सुरू.

जागा सापडली होती. निनादची प्लेट. खोलून काचेवर ठेवली तर एका कोपऱ्यात खाली नख जाईल एवढी वाकडी. गार असताना कशीबशी बसायची, तापली की फट पडायची.

"फेक दो," युसूफभाई म्हणाले. "लेथ पे आधे घंटे में नयी बना के देता हूँ."

"नाही," काका म्हणाले. "हीच राहणार."

मला तो निव्वळ हट्ट वाटला. लग्नाला पाच दिवस उरलेले. काकांनी दिवाणखान्यातल्या टीपॉयची जाड काच काढली, तिच्यावर पॉलिश पेपर चिकटवला आणि त्यावर ती प्लेट घासायला बसले. सकाळी ते, संध्याकाळी ऑफिसहून आलो की मी. चार दिवस. माझ्या बोटांची टोकं राखाडी झाली, काकांची तर सोलली. पाचव्या दिवशी प्लेट काचेवर अशी बसली की खाली कागद सरकेना.

लग्नाच्या दुपारी बॅंड निघाला, मागून काका. चर्चच्या वळणावर समोरून बस आली आणि वरात चांगली दहा मिनिटं अडकली. बॅंडवाले दमून थांबले. त्या शांततेत इंजिन चालू होतं, संथ, एका लयीत. मागच्या सीटवर शर्लीनला रडू फुटलं.

"रडू नको गं," काका मागे न बघता म्हणाले, "तू ऐक तरी, कशी उभी आहे!" नवरी रडता रडता हसली. चर्चशी पोचल्यावर इनासभाऊंनी आधी काकांना मिठी मारली, मग पोरीला हात दिला.

संध्याकाळी आम्ही गाडी वाडीत आणून लावली. काकांनी इंजिन बंद केलं नव्हतं, एवढ्यात फोन वाजला. निनाद. त्याच्याकडे सकाळ होती.

"बाबा, शर्लीनने व्हिडिओ पाठवला. उभी राहिली! काय होतं शेवटी? माझी प्लेट ना? निघायच्या घाईत केली होती मी. मला सारखं वाटायचं, तीच वाकडी झाली असणार."

"छे रे!" काका म्हणाले. "प्लेट एकदम सरळ. तिला हातसुद्धा लावावा लागला नाही. एक पाईप चिरला होता, एवढासा."

माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. मी बोटं खिशात घातली.

"नक्की?"

"अरे, मी खोटं कशाला बोलू? ऐकतोस का?"

काकांनी बॉनेट उघडलं आणि फोन इंजिनावर धरला. पलीकडे निनाद ऐकत होता. हात भरून आला तेव्हा त्यांनी फोन दुसऱ्या हातात घेतला. काकू चहा घेऊन आल्या, पायरीवर थबकल्या, आणि कपांवर बशा झाकून तिथेच बसल्या.