ज्वारी मागून येतेय

कळंबच्या गेणबांना लेकीची फार आठवण यायची, पण ती बोलून दाखवायची त्यांना सोय नव्हती. त्यांच्या बायकोचं, द्वारकाबाईंचं बरं होतं. त्यांना आठवण आली की त्या सरळ डोळ्याला पदर लावायच्या, पिशवी भरायच्या आणि हडपसरची एसटी धरायच्या. गेणबा पडले पुरुष माणूस, त्यात लेकीचा बाप. बापानं लेकीच्या घरी जायचं तर हाताशी काहीतरी काम पाहिजे. कामाशिवाय जाऊन सोफ्यावर बसलेला बाप बरा दिसत नाही, असं त्यांचं ठाम मत होतं. सुप्रियाच्या नव्या फ्लॅटची वास्तुशांत झाली तेव्हा नेमकी उसाला पाण्याची पाळी आली आणि ते घरीच राहिले. त्यानंतर त्यांना जायला कारण म्हणून मिळेना.

"तात्या, कधी येताय?" ती फोनवर विचारायची.

"बघू. काय काम निघालं तर येतो," हे म्हणायचे. फोन ठेवला की गोठ्यात जाऊन म्हशीपाशी बसून राहायचे.

असे दिवस चालले असताना पुतण्यानं, म्हणजे रणजितनं, बारामतीहून नवी पिकअप आणली. हडपसरहून त्याला ठिबकच्या नळ्या आणायच्या होत्या आणि जाताना गाडी रिकामी जाणार होती. गेणबांचा चेहरा उजळला.

"सुप्रियाला ज्वारीचं पोतं धाडायचं हाय," ते म्हणाले.

"द्या की. तिच्या दारात टाकून येतो."

"टाकशील रं. पर पोतं उतरवायला माणूस पायजे."

"तितं वॉचमन असतोय, तात्या."

"वॉचमनला आपल्या ज्वारीचं काय पडलंय? मी येतो संगं."

द्वारकाबाई भाकरी थापता थापता म्हणाल्या, "ने बाबा त्यास्नी. लई जीव हाय त्यांचा ज्वारीवर."

इथवर सगळं सुरळीत होतं. पण गाडी पुण्याकडं रिकामी चालली आहे, ही बातमी आळीत फुटली आणि घोटाळ्याला सुरुवात झाली. आळीतल्या प्रत्येक घरचं कुणी ना कुणी पुण्याकडं होतं. सकाळी रणजित दात घासत बाहेर आला, तर गाडीभोवती ही गर्दी. गहू आला, गूळ आला, कारखान्याची सभासदांची साखर आली, एका जावयासाठी सागवानी पलंग आला. बानूबाईंनी विहिरीच्या पाण्याचे कॅन आणले, कारण तिकडच्या पाण्यात नातवाची डाळ शिजत नव्हती. सारजाकाकूंनी काळ्या मातीची चार पोती आणली. लेकीनं गॅलरीत मिरच्या लावल्या होत्या आणि विकतच्या मातीत त्या काही केल्या धरत नव्हत्या.

रणजितची जुनी गाडी जादा मालानं स्प्रिंगचा पाटा तुटून वाटेतच बसली होती. तेव्हापासून तो सुधारला होता. नव्या गाडीबरोबर आलेलं पुस्तक त्यानं पोथीसारखं वाचलं होतं.

"दीड टन पासिंग हाय," तो ओरडून सांगू लागला. "त्याच्यावर किलोभर बी घेणार न्हाय. पाटे जात्यात, ब्रेक लागत न्हाय, टायर फुटतोय!"

"एवढीशी तर माती हाय," सारजाकाकू म्हणाल्या.

"अन् पाण्याला कसलं आलंय वजन?" बानूबाई म्हणाल्या.

"कारखान्याच्या ट्रॉल्या बघ की," गेणबांनीही ठिणगी टाकली. "त्यास्नी कुठली पासिंग?"

"म्हणूनच त्या उलटत्यात, तात्या. अन् ह्यात माणसं बी धरायची असत्यात. डायवर, क्लीनर, शेजारी बसणारा, समदे."

"माणसाचं वजन कुठं धरत्यात व्हय?"

"पुस्तकात धरलंय."

"मग लिवणाऱ्याला घरदार नसंल."

रणजितनं प्रत्येकाला वजन विचारलं. कळंबात त्या दिवशी कुणाचीच वस्तू जड नव्हती. सगळी वजनं मिळवली तेव्हा हिशोब पासिंगच्या आत बसला. शेवटी द्वारकाबाईंनी लेकीसाठी हळूच पाटा-वरवंटा आत सरकवला. गेणबा इस्त्रीचा सदरा घालून, टोपी सारखी करून पुढं बसले आणि गाडी निघाली. वाटेत ते एकदाही गप्प बसले नाहीत. पोरगी दारात कशी उभी असेल, हेच त्यांच्या डोळ्यांपुढं होतं.

भिगवणला रणजितनं गाडी वजनकाट्यावर घातली. काटेवाल्यानं खिडकीतून डोकं काढलं.

"साठ-पासष्ट किलो जादा हाय, मालक."

"एवढ्यानं काय व्हतंय?" गेणबा म्हणाले.

"मागल्या टायमाला मी बी हेच म्हनलो हुतो," रणजित म्हणाला. "काय तरी उतरवा."

गेणबांनी बानूबाईंना फोन लावला. तीन कॅन ओतून देऊ का, म्हणून विचारलं.

"वता की," बानूबाई म्हणाल्या. "माझ्या नातवाची डाळ कच्ची ऱ्हाऊ द्या. तुमास्नी नातू झाला की कळंल."

सारजाकाकूंनी तर, "आमची माती जड झाली व्हय तुमाला?" म्हणून जे रडायला सुरुवात केली, ते फोन कटल्यावरच थांबलं असावं. पलंग अर्धा उतरवता येत नव्हता. पाटा-वरवंट्याचं नाव काढलं असतं तर गेणबांना घरात जेवण मिळालं नसतं. मग त्यांना एक नामी युक्ती सुचली.

"मी खाली उतरतो. तू परत काटा कर."

ते उतरून बाजूला उभे राहिले. काटा झाला. वजन पासिंगला अगदी तंतोतंत बसलं.

"बघ, बसलं का न्हाय?" गेणबा खुशीत म्हणाले आणि पुन्हा गाडीत चढू लागले.

रणजितनं कपाळावर हात मारून घेतला. "तात्या, तुमी काट्यावरनं उतरलात, म्हंजी गाडीतनं उतरलात!"

गेणबांचा एक पाय पायरीवर तसाच राहिला.

"मग ज्वारी उतरव," ते म्हणाले. "ती बी माझ्याएवढीच भरंल."

"उतरवतो. पर मग तुमी कशाला येताय?"

रणजितनं ते साध्या मनानंच विचारलं होतं, पण ते गेणबांच्या वर्मी लागलं. ज्वारी नाही तर काम नाही, आणि काम नाही तर लेकीच्या दारात उभं राहून सांगायचं काय? त्यांनी पायरीवरचा पाय खाली घेतला.

"ऱ्हाऊ दे ज्वारी. तिला ताज्या पिठाची भाकरी आवडती," ते म्हणाले. "जा तू. वॉचमनला म्हणावं, जपून उतरव."

"घराकडं जायला समोरनं वालचंदनगरची एसटी मिळंल, तात्या," रणजित म्हणाला. त्यालाही वाईट वाटलं होतं, पण गाडीचे पाटे त्याचे होते.

गाडी पुण्याच्या रस्त्याला लागली. आळीतल्या सगळ्यांची माया त्या गाडीत मावली होती, फक्त गेणबा मावले नव्हते. समोरच्या हॉटेलातून तळलेल्या माशांचा वास येत होता. वालचंदनगरची एसटी आली, थांबली, निघून गेली. गेणबा जागचे हलले नाहीत. तेवढ्यात पुण्याची आली. आपण काय करतोय हे कळायच्या आत ते तिच्या दारात लोंबकळत होते.

"सामान वर टाका, बाबा," कंडक्टर म्हणाला.

"सामान न्हाय."

"मग सरका आत."

हडपसरला उतरल्यावर त्यांना कुणाला पत्ता विचारावा लागला नाही. द्वारकाबाईंकडून त्यांनी तो रस्ता इतक्या वेळा ऐकून घेतला होता की, औषधाचं दुकान, शाळा, पिवळी इमारत, सगळं आपापल्या जागी भेटत गेलं. तिसऱ्या मजल्यावर त्यांनी बेल दाबली आणि हात कुठं ठेवावेत ते न कळून ते मागं बांधले.

सुप्रियानं दार उघडलं. रिकाम्या हातानं उभ्या असलेल्या बापाकडं बघून तिचा चेहरा पांढरा पडला.

"तात्या! काय झालं? कोण गेलं?"

"कोण बी न्हाय गेलं. समदी बरी हायेत."

"आई?"

"ती बी बरी हाय."

"मग तुम्ही कसे काय आलात?"

"ज्वारी घिऊन आलोय."

सुप्रियानं जिन्याकडं बघितलं. "कुठंय?"

"मागनं येतीय," गेणबा म्हणाले.

सुप्रिया हसायला लागली आणि हसता हसता तिनं ओढणीनं डोळे पुसले. गेणबा आत गेले आणि चक्क सोफ्यावर बसले. दोन वेळा चहा झाला. रणजित वाटेत घरोघरी माती आणि पाणी वाटत होता, त्यामुळं बराच वेळ खालून हाक आली नाही आणि गेणबांनाही तिची घाई नव्हती.

शेवटी फोन आला. "सुप्रियाताई, वॉचमन जागेवर न्हाय. पोतं उतरवायला कुणाला तरी धाड."

सुप्रियाला मागं घेऊन गेणबा खाली गेले. त्यांना बघून रणजितच्या खांद्यावरचं पोतं घसरलं.

"तात्या, तुमी हितं?"

"तुला म्हनलो हुतो न्हवं, माणूस पायजे म्हणून!"

लिफ्ट लहान होती. ज्वारी आणि पाटा-वरवंटा आत गेला, मागोमाग रणजित, सुप्रिया आणि शेवटी गेणबा. लिफ्टनं दार लावायच्या ऐवजी टूंऽऽ करून बोंब ठोकली.

"पासिंग संपली," रणजित म्हणाला आणि सवयीनं त्यानं गेणबांकडं बघितलं.

गेणबांनीही एकदा सगळ्यांकडं बघितलं. मग वाकून ज्वारीच्या पोत्याचे दोन्ही कान धरले आणि ते ओढून बाहेर फरशीवर ठेवलं.

"येऊ दे तिला मागनं," ते म्हणाले आणि आत येऊन लेकीशेजारी उभे राहिले.